तक्रार काय आहे?

प्राण्याचे नाव

“शिक्का,” आत्या म्हणाली.

“काय?” टेबलामागच्या बाईने पेन उचललं.

“शिक्का. रबरी शिक्का असतो ना, तसा. पाठीवर बघा. गोल.”

बाई उठून बघायच्या बेतात नव्हती. आत्याने मांडीवरच्या ॲप्रनची घडी बाजूला केली. औषधांच्या दुकानातला पांढरा ॲप्रन, खिशापाशी शाईचे जुने डाग. आत तीन महिन्यांचं मळकट पांढरं पिल्लू आणि त्याच्या पाठीवर, कोणी जोर लावून उठवावा तसा, काळा गोल. पिल्लाने डोळे उघडले नाहीत. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि तार गुलाबी होती.

मालकाचे नाव

“मी,” नाना म्हणाले.

“मी,” आत्या म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. नानांच्या तोंडून ते सवयीने निघालं होतं. मालक, खोकल्याचं द्या. मालक, चिठ्ठी आणली नाही पण तुम्हाला ठाऊक आहे. पन्नास वर्षं काउंटरमागे हेच ऐकलेला माणूस. मालक कोण म्हटलं की हात आपोआप वर. पण आत्याच्या तोंडून ते सवयीने निघालं नव्हतं. सहासष्ट वर्षांत या प्रश्नाला तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

“एकाचंच नाव लिहिता येतं,” टेबलामागची बाई म्हणाली.

“माझं लिहा,” नाना म्हणाले. “घर माझं, म्हणजे घरातलं जनावरही... तांत्रिक बाब आहे ही, बेबी.”

“दोन महिने ‘तुझं कुत्रं’ म्हणत होतास ना, दादा? तुझं कुत्रं चपला चावतंय. तुझं कुत्रं दारात मुतलं. आता मरायला टेकलं तर तुझं झालं?”

“बेबी, हळू बोल. लोक बघतायत.”

लोक म्हणजे कोपऱ्यात टोपलीत कोंबडी घेऊन बसलेला एक गृहस्थ आणि पिंजऱ्यातला एक पोपट, ज्याच्या छातीवरची पिसं झडली होती. पोपट बघत नव्हता. गृहस्थ मात्र मन लावून बघत होता.

“मग नाव बेबी लिहू की शिक्का?” टेबलामागच्या बाईने विचारलं.

नानांच्या सुनेला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात घातलं. ती गाडी चालवायला शिकवते. आज सकाळचे दोन शिकाऊ तिने परतवून लावले आणि टपावर पाटी असलेल्या त्याच गाडीतून हे चौघं आणि एक कुत्रं इथवर आणलं. वाटेत नाना तिच्या शेजारी बसले होते, म्हणजे एरवी ती बसते त्या जागी, जिथे शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक असतो. नानांनी तो तीनदा दाबला. तिसऱ्यांदा पिल्लाने मागच्या सीटवर ओकारी काढली.

“बेबी मी आहे,” आत्या म्हणाली. “कुत्र्याचं नाव शिक्का. मालक बेबी. लिहा.”

बाईने कागदच सरकवला. “तुमच्यापैकी कोणीतरी भरा बाई. मला पोपटाचं बघायचंय.”

कागद नानांच्या मुलाने घेतला. दुकानात त्याला छोटे मालक म्हणतात, घरात छोट्या. चाळिशी उलटली तरी छोट्याच.

तक्रार

हा शब्द या घराला फक्त एका बाजूने ठाऊक. गिऱ्हाइकाची तक्रार. बाटली फुटकी निघाली, गोळी कडू निघाली. घरातल्या माणसांना तक्रार नसते. वडिलांनी, म्हणजे नाना आणि आत्याच्या बाबांनी, मुलगी बारावीनंतर पुढे शिकणार नाही असं ठरवलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, तिची काही तक्रार नाही. तिला दुकानाच्या मागच्या खोलीत पुड्या बांधायला बसवलं तेव्हाही. लग्न जुळता जुळता मोडलं तेव्हाही. (ती वेगळी गोष्ट, इथे सांगत नाही.) दर वेळी ते वाक्य दुसऱ्या कोणीतरी उच्चारलं आणि दर वेळी ती तिथेच होती, खोलीत, बोलता येत असलेली.

मिनिटाला सहा पुड्या बांधायची ती. चौकोनी कागद, मधोमध भुकटी, दोन घड्या, कोपरा आत. कोणाच्या पोटात काय जायचं, हे बाबा ठरवायचे, मग नाना ठरवू लागले. तिच्याकडे फक्त घड्या.

छोट्याने लिहिलं: कालपासून उलट्या. सात. शेवटच्या दोन उलट्यांत रक्त. शी काळी. खात नाही. पाणीही नाही.

सुवाच्य लिहितो तो. डॉक्टरांची अक्षरं लावून लावून स्वतःचं अक्षर मात्र त्याने सुंदर ठेवलंय.

पुढचा रकाना होता, यापूर्वी दिलेली औषधे. छोट्याचं पेन थांबलं.

परवा सकाळी दुकान उघडल्यावर त्याला दुखण्याच्या गोळ्यांच्या पाकिटाचा एक तुकडा कमी दिसला होता. कात्रीने कापलेला, कडा सरळ. छोट्या पाकीट हाताने फाडतो. कात्री फक्त नाना वापरतात. त्याने विचारलं नव्हतं. त्याने दुकानात संगणक आणल्यापासून नाना आणि तो एकमेकांशी गिऱ्हाइकांमार्फत बोलत होते. ‘यांना विचारा, कफाचं सिरप कुठे ठेवलंय.’ ‘यांना सांगा, जिथे गेली चाळीस वर्षं असतं तिथेच.’ अशात कात्रीचं कसं काढणार?

त्याने नानांकडे पाहिलं. नाना भिंतीवरच्या गोचिडीच्या चित्राकडे बघत होते, इतक्या एकाग्रतेने की गोचिडीलाही अवघडल्यासारखं झालं असतं.

छोट्याने लिहिलं: निरंक.

आत

डॉक्टर तरुण होती. बाह्या वर, डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी, बोलणं तोडून तोडून. तिने पिल्लाच्या हिरड्या दाबल्या, पोट चाचपलं. पोटाला हात लागताच पिल्लू जे ओरडलं ते ओरडणं नव्हतंच, बिजागरी वाजावी तसा बारीक आवाज होता. आत्याने टेबलाची कड धरली.

“लस?”

“नाही,” आत्या म्हणाली.

“का?”

“मी दुकानात मागवणार होतो,” नाना म्हणाले. “आम्ही औषधवालेच आहोत, डॉक्टर. दोन पिढ्या. आता मुलगा धरून तीन.”

“कुत्र्यांची औषधं ठेवता?”

“तशी नाही. पण औषध ते औषध.”

डॉक्टरने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि एक चपटी चाचणीपट्टी काढली. लस नसलेलं पिल्लू, रक्ताच्या उलट्या. आधी संसर्ग बघायला हवा. तसं निघालं तर वेगळी खोली, इतर जनावरांपासून लांब. दहा मिनिटं.

दहा मिनिटं चौघं त्या पट्टीभोवती उभे होते. सुनेला वाटलं, आपल्या लग्नानंतर हे चौघं पहिल्यांदाच एका गोष्टीकडे बघतायत.

दुसरी रेघ उमटली नाही.

“संसर्ग नाही,” डॉक्टर म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. “मग पोटात काहीतरी गेलंय. आतून सोलवटलंय पोट. नीट आठवून सांगा. घरात उंदराचं औषध ठेवलंय? फिनेल? याच्या पोटात काही गेलंय का?”

“काही दिलं नाही,” नाना म्हणाले.

“उंदराचं औषध दुकानाच्या माळ्यावर आहे,” छोट्या घाईने म्हणाला. “पण ते...”

“याने खाल्लं असेल?”

छोट्याने नानांकडे पाहिलं. डॉक्टर घड्याळाकडे बघून म्हणाली, “त्याचा उतारा वेगळा आहे. खात्री नसेल तर मी तोच सुरू करते, थांबून चालणार नाही. पण दुसरंच काही असेल, तर आपण भलत्याच दारावर टकटक करत बसू आणि याच्याकडे तेवढा वेळ नाही. पुन्हा विचारते. काही गेलंय का पोटात?”

“सांगितलं ना. काही दिलं नाही.”

रिकामी जागा (ही कागदावर नव्हती)

पिल्लू साडेचार किलो. किलोला दहा मिलिग्रॅम म्हणजे पंचेचाळीस, दिवसातून तीनदा, दोन दिवस. लहान मुलाला हेच प्रमाण. नानांनी अख्ख्या वस्तीची मुलं या आकड्यांवर वाढवली होती. आईच्या कडेवरचं मूल नुसत्या नजरेने तोलायचे आणि दीडशे ग्रॅमपलीकडे चूक व्हायची नाही.

तेरवा दुपारी घरात कोणी नव्हतं. दार त्यांनीच लोटलं आणि पंजा फटीत होता. ते ओरडलं. नाना सत्तराव्या वर्षी गुडघे वाजवत जमिनीवर बसले, पंजा हातात धरला आणि त्यावर फुंकर घातली. कोणी पाहिलं असतं तर ते लगेच उठून म्हणाले असते, हे कुत्रं वाटेत येतं. पण कोणी नव्हतं. म्हणून ते बराच वेळ बसले. मग दुकानात जाऊन पाकिटाचा तुकडा कापून आणला, गोळी खलात कुटली, सहा पुड्या केल्या आणि पहिली साखरपाण्यातून पाजली. अर्ध्या तासात रडणं थांबलं. पिल्लाने त्यांचं मनगट चाटलं. त्यांना इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना.

आता सांगून टाकावं. एक वाक्य. जिभेवर होतं.

पण बाबांनी काउंटरवर उभं करताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. औषध लागू पडलं तर देवाची कृपा, नाही पडलं तर आपण काही दिलं नाही.

“‘दिलं का’ असं डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं”

हे आत्या म्हणाली. हळू म्हणाली, म्हणून खोलीत नीट ऐकू गेलं.

“काय?” नाना म्हणाले.

“डॉक्टर विचारतायत, गेलंय का. दोनदा विचारलं. गेलंय का. आणि तू दोनदा म्हणालास, दिलं नाही. देण्याचं कोणी काढलंच नव्हतं, दादा. तुझ्या तोंडात ते कुठून आलं?”

“शब्दांत काय पकडतेस मला? जनावर इथे...”

“मी शब्दांत नाही पकडत. शब्द मला ओळखीचे आहेत. काही दिलं नाही. अगदी हेच. हाच सूर. मी बाबांच्या मागे उभी होते तेव्हा. आठ वर्षांची.”

“बेबी.”

“काय बेबी? काय बेबी बेबी लावलंयस? सहासष्ट वर्षांची बाई आहे मी!”

बाहेर पोपट किंचाळला. सुनेचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. शिकाऊ माणूस वळणावर भलत्या वेगाने निघाला की आपोआप दाबला जातो तसा. इथे ब्रेक नव्हता. आणि क्षणभराने तिच्या लक्षात आलं की आपल्याला तो नकोच आहे. तिने पाय उचलला.

“आत्या, बोला,” ती म्हणाली.

“तू गप्प बस,” छोट्या पुटपुटला.

“का? तुला काय माहीत आहे?”

“काही नाही.”

“तू तो कागद भरताना थांबलास. मी बघत होते. लिहायला मिनिट लागतं का रे निरंकला?”

छोट्याने बायकोकडे पाहिलं, मग वडिलांकडे आणि मग, सगळ्यात सोपं म्हणून, कुत्र्याकडे. पिल्लाच्या पोटाची कातडी श्वासागणिक थरथरत होती.

“पाकीट कापलेलं होतं,” तो म्हणाला. “दुखण्याच्या गोळ्यांचं. कात्रीने.”

“छोट्या!” नाना म्हणाले.

“मला वाटलं, तुम्ही गुडघ्यासाठी...”

“तुला काही वाटलं नाही,” आत्या त्याच्यावर उलटली. “वाटलं असतं तर विचारलं असतंस. या घरात कोणाला काही वाटतच नाही, दिसतं सगळं. निरंक म्हणे! तुझ्या आजोबांना निदान असा शब्द तरी लागत नव्हता, ते सरळ खोटं बोलायचे.” मग ती भावाकडे वळली. “आता सांग. डॉक्टरांना सांग. मला नको.”

नाना उभे होते. खरं तर त्यांना सांगायचंच होतं. म्हणून ते जास्तच हट्टाने गप्प राहिले. माणसाचं असं होतं.

डॉक्टरने पिल्लाच्या पायावरचे केस कापायला घेतले होते. मान वर न करता ती म्हणाली, “मला घरातलं काही नको. औषधाचं नाव हवंय. आत्ता.”

“माझ्या बाळला असंच नेलं होतं,” आत्या म्हणाली. ती डॉक्टरशी बोलत होती, की छोट्या आणि सुनेशी, की भिंतीशी, कळायला मार्ग नव्हता. “धाकटा भाऊ आमचा. चार वर्षांचा. ताप उतरेना. बाबांनी तीन पुड्या दिल्या, तिसरी याच्या हातून दिली, मी बघितलं. मग घाबरून दवाखान्यात नेलं. तोवर ताप उतरलेला. तिथल्या डॉक्टरने हात लावून पाहिला, म्हणाला, ताप तर नाही. काही औषध दिलंय का? बाबा म्हणाले, काही दिलं नाही. औषधवाला माणूस, कोण खोटं धरणार? मग घरी न्या, म्हणाला, आराम करू द्या. आणला आम्ही घरी. दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा व्हायच्या आधी गेला. मी तिथे उभी होते. मला बोलता येत होतं. याला बोलता येत होतं, हा बारा वर्षांचा होता. आम्हाला दोघांना बोलता येत होतं!”

सुनेने हे कधी ऐकलं नव्हतं. दिवाणखान्यातल्या फोटोत एक लहान मुलगा आहे, तो तापाने गेला, एवढंच. छोट्यानेही ऐकलं नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झालेले नवरा-बायको एकमेकांकडे अनोळखी माणसांसारखे बघू लागले.

“बोल, दादा,” आत्या म्हणाली. “नाहीतर मी या बाईंना म्हणेन, उंदराचं समजून उतारा द्या. आणि हे मेलं, तर जन्मभर रोज सकाळी चहाच्या वेळी तुला विचारेन, काय दिलं होतंस. रोज. मला दुसरं काम नाही.”

“आयबुप्रोफेन,” नाना म्हणाले.

डॉक्टरची कात्री थांबली.

“किती?”

“पंचेचाळीस मिलिग्रॅम. तीन वेळा. दोन दिवस. शेवटची काल सकाळी.” आणि मग, थांबवता आलं असतं तर थांबवलं असतं, अशा आवाजात, “वजनाप्रमाणे दिलं. डोस बरोबर आहे. मुलांचा डोस.”

“काका, हे मूल नाही,” डॉक्टर म्हणाली. “मुलाला जे चालतं ते याच्या पोटाला भोकं पाडतं. मूत्रपिंडं बंद पडतात. माणसाची एक गोळीसुद्धा...” पुढचं ती बोलली नाही, कारण तिचे हात कधीच कामाला लागले होते. सलाईनची बाटली, पोटाच्या अस्तराचं इंजेक्शन, रक्ताची नळी. तिने दारातून हाक मारली, “रक्त तपासायला लावा, मूत्रपिंडाचं आधी!” मग नानांना म्हणाली, “कागदावर लिहून द्या. औषध, प्रमाण, वेळा. तुमच्या हाताने. आणि बाहेर थांबा सगळे.”

यापूर्वी दिलेली औषधे

निरंक या शब्दावर एक आडवी रेघ. खाली दुसऱ्या शाईत, दुसऱ्या अक्षरात, सहा ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, मिलिग्रॅम. पहिल्या ओळीपुढे कंसात: पंजा दुखत होता.

हे शेवटचे तीन शब्द टेबलामागच्या बाईने वाचले आणि ती उगीच म्हणाली, “बरं झालं सांगितलंत, काका. खूप लोक सांगत नाहीत. लाज वाटते ना.”

नानांनी मान तुकवली. अशी, की जणू कोणीतरी शाल पांघरवतंय.

सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. “त्यांनी नाही सांगितलं,” ती म्हणाली. “आत्यांनी सांगायला लावलं. आणि याने,” तिने नवऱ्याकडे बोट केलं, “माहीत असून निरंक लिहिलं. बरं वगैरे काही झालेलं नाही, बाई. शाबासकी द्यायची तर नीट बघून द्या.”

कोंबडीवाला गृहस्थ टोपलीसकट एक खुर्ची पलीकडे सरकला.

“सगळ्यांसमोर?” छोट्या दबक्या आवाजात म्हणाला.

“मग कोणासमोर? तुमच्या घरात सगळं मागच्या खोलीत चालतं, मला माहीत नव्हतं. आपल्या मुलीला मागच्या आठवड्यात ताप आला तेव्हा नानांनी पुडी दिली. मी विचारलं, काय आहे? नाना म्हणाले, नेहमीचंच. मी गप्प बसले. मी! रस्त्यात शिकाऊ पोरांना आरसा बघितला नाही म्हणून ओरडणारी मी!”

“तिला काही झालं नाही ना?”

“तेच तर,” ती म्हणाली. “तेच तर, छोट्या. काही झालं नाही की आपण म्हणतो काही दिलं नव्हतं.”

छोट्या तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसला. मग उठला आणि नानांपासूनही एक खुर्ची सोडून बसला. उरलेल्या जागांत त्याच्यासाठी बरी जागा नव्हती.

थांबण्याची जागा

पाऊण तास. पोपटवाली बाई आली, पोपट घेऊन गेली. कोंबडी आत गेली आणि बाहेर आली, तिच्या पायाला पट्टी होती. गृहस्थ जाताना आत्यासमोर थांबला. “वाचेल हो तुमचं पिल्लू,” तो म्हणाला.

“तुम्हाला काय माहीत?” आत्या म्हणाली. तो निघून गेला. तिला वाईट वाटलं नाही. आज चांगलं बोलणाऱ्यांचाही राग येत होता. पंख्याचा येत होता, गोचिडीच्या चित्राचा येत होता. स्वतःचा सगळ्यात जास्त. दोन दिवस पिल्लू त्याच घरात पुड्या गिळत होतं आणि ती, जिने जन्मभर पुड्या बांधल्या, तिला वास आला नाही.

नाना सरकत सरकत तिच्या शेजारच्या खुर्चीवर आले. बराच वेळ गुडघे चोळत बसले. गुडघ्यांना काही झालं नव्हतं.

“चौदा किलो होता,” ते म्हणाले.

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“बाळ. चौदा किलो. मी नंतर हिशोब केला. परीक्षा पास झालो त्या दिवशी केला, मग दुकान हातात आलं तेव्हा केला. किती वेळा केला सांगू? तिन्ही पुड्या बरोबर होत्या, बेबी. बाबांची चूक नव्हती. माझी पण नव्हती. डोस बरोबर होता.”

अठ्ठावन्न वर्षं हे त्याने पोटाशी धरून ठेवलं होतं आणि आता काढून तिच्या हातात दिलं. त्याला वाटत होतं, ती ते घेईल. ती हलकी होईल, तो हलका होईल. चेहऱ्यावर तसं सरळ दिसत होतं.

“बरोबर होता,” आत्या म्हणाली.

“हो.”

“बरोबर होता म्हणूनच तर ताप उतरला, दादा. ताप उतरला म्हणून त्यांनी घरी पाठवला. चूक पुडीत नव्हतीच कधी.” तिचा आवाज चढला नाही, उलट सपाट झाला. “मग लपवलंत का? बरोबर होतं तर लपवलंत का?”

नानांनी तोंड उघडलं. या प्रश्नाचा हिशोब त्यांनी केला नव्हता. अकरा, बारा, तेरा, चौदा किलोंचे आकडे त्यांच्याकडे होते, या प्रश्नाचं वजन नव्हतं.

“बाबा म्हणाले...” ते म्हणाले.

“बाबा गेले. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. आज तुला कोण म्हणालं?”

पलीकडच्या खुर्चीवर छोट्या मान खाली घालून नखं बघत होता. सून उभीच होती, पाठ भिंतीला, हाताची घडी. ती नानांकडे बघत होती आणि तिला त्यांची दया येत होती आणि त्या दयेचाही तिला संताप येत होता. म्हातारा माणूस रडकुंडीला आला की खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे धावतात आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो, हे तिने या घरात चौदा वर्षं पाहिलं होतं. आज ती जागची हलली नाही.

नाना रडकुंडीला आले होते. कोणीच धावलं नाही.

आतलं दार उघडलं. डॉक्टरच्या कपाळाला केस चिकटले होते.

“रक्ताचा आकडा आलाय. मूत्रपिंडांना मार बसलाय, पण अजून चालतायत. दोन दिवस सलाईनवर ठेवावं लागेल, तेव्हा कळेल. वचन देत नाही.” तिने हात पुसले. “आता शीर फुटली, सुई दुसऱ्या पायात लावायचीय आणि ते आम्हाला धरू देत नाहीये. घरचं कोणीतरी एक जण या. ज्याला ते ओळखतं.”

नाना उठले. खरंच पटकन उठले, गुडघे न वाजवता. तेरवा दुपारी पिल्लाने त्यांचं मनगट चाटलं होतं. ते कोणाला माहीत नव्हतं आणि आता सांगायची वेळ नव्हती. तरी त्यांनी मनगट किंचित पुढे केलं, जणू तोच पुरावा.

आत्याही उठली होती. दाराशी दोघं समोरासमोर आले. तो थोरला. आयुष्यभर ती अशा प्रत्येक दारात एक पाऊल मागे सरकली होती, त्यामुळे तो थांबलाच नाही, पुढे निघाला.

“तू बस,” ती म्हणाली.

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग मागे चाचपून त्यांनी खुर्ची शोधली आणि बसले.